शुक्रवारची गोळी

"विजयाबाई, ही गाठ साधी नाही. चॉकलेट सिस्ट आहे." डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून सांगितलं. मी म्हटलं, "मी तर चॉकलेट तोंडालापण लावत न्हाय." नंतर जिना उतरताना नवरा म्हणाला, अशा वेळी तरी जरा गप्प बसत जा. पण घाबरले की माझी जीभ जास्तच चालते, त्याला माझा इलाज नाही.

मी कोल्हापुरात न्यू शाहूपुरीत राहते आणि घरीच ब्लाऊज शिवते. नवरा संदेश शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला आहे. आम्हाला सहा वर्षांची मुलगी आहे. हे सगळं लिहिते आहे ते माझ्यासारख्या बायकांसाठी. पोटात दुखतं तेव्हा आपण ओव्याचं पाणी पितो आणि पुन्हा मशीनवर बसतो, तशांसाठी.

माझं दुखणं वर्षभर चाललं होतं. पाळीच्या चार दिवसांत दुखतं ते सगळ्यांचंच दुखतं, असं मला लहानपणापासून सांगितलं होतं. मग ते चाराचे आठ झाले. शिवता शिवता डाव्या बाजूला अशी कळ यायची की पायडलवरचा पाय थांबायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, लग्न सोमवारी हाय, ब्लाऊज कधी देताय?" मी दात आवळून शिवायची.

मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. म्हणजे गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर नको तिथं वाढतं. माझ्या डाव्या अंडाशयात वाढलं होतं. दर महिन्याला तिथंही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते साचून तपकिरी होतं, म्हणून नाव चॉकलेट सिस्ट. माझी गाठ पाच सेंटिमीटरची होती.

"अजून मूल हवंय?" मॅडमनी विचारलं.

मी मान डोलावून हो म्हटलं. त्यांनी सांगितलं, ऑपरेशन करून गाठ काढता येते, पण त्यात अंडाशयातली चांगली बीजंही थोडी जातात. गाठ वाढली तर अख्खं अंडाशय काढायची वेळ येऊ शकते. "त्यापेक्षा आधी सहा महिने हार्मोनच्या गोळ्या घेऊ. बीज सुटणं थांबेल, पाळी थांबेल, गाठीला खाद्य मिळणार नाही." मग त्यांनी अर्धशिशी आहे का, बीपी आहे का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली का, हे सगळं विचारलं. सगळ्याला माझं नाही होतं.

औषधाच्या दुकानात पाकीट हातात घेतलं आणि त्यावरचा शब्द वाचला. गर्भनिरोधक. मी पाकीट तसंच पर्समध्ये कोंबलं.

इथं थोडं मागं जावं लागेल. आम्ही ख्रिस्ती. मुलीनंतर तीन वर्षांनी मला दिवस गेले होते आणि नवव्या आठवड्यात पोटातच सगळं थांबलं. दवाखान्यातली आया म्हणाली, "काय झालं नव्हतं वं अजून, नुसता गोळाच की." मला तिचं हे बोलणं फार लागलं. आम्ही त्या बाळाला नाव ठेवलं, आनंद. देवानं दिलेला जीव पहिल्या क्षणापासून जीवच असतो, हे मी तेव्हा नुसतं मानलं नाही, सोसलं. त्यामुळे या सोनोग्राफीच्या थोडेच दिवस आधी, चर्चमधल्या महिलांच्या रविवारी मला बोलायला उभं केलं तेव्हा मी अगदी मनापासून बोलले. गर्भपातावर बोलले आणि त्याच ओघात म्हणाले की या गोळ्या खाणाऱ्या बायकापण जीवच मारतात, फक्त त्यांना दिसत नाही. कुठून तरी मोबाईलवर आलेलं पत्रक मी वाचलं होतं. बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, काय छान बोलले.

आणि आता तीच गोळी माझ्या पर्समध्ये.

संदेशला सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरनं औषध म्हणून दिलंय, तू औषध म्हणून घे की." त्याचं सगळं असंच सरळ असतं, त्यामुळे मला कधी कधी त्याचा रागच येतो. मी म्हटलं, "गोळीला काय ठाऊक, मी तिला काय म्हणून घेतेय?"  पण दुखणं काही थांबत नव्हतं. चौथ्या दिवशी मी गोळी सुरू केली, रोज सकाळच्या चहानंतर.

आमच्या महिला मंडळाची शुक्रवारी उपास-प्रार्थना असते. सकाळपासून चार वाजेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, काही जणी पाणीसुद्धा घेत नाहीत. मी त्यातली. पहिल्या शुक्रवारी मी गोळी घेतली नाही, कारण उपास. संध्याकाळी घेता आली असती. मी घेतली नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. सहा दिवस डॉक्टरचे आणि एक दिवस देवाचा, असा मी मनातल्या मनात सौदा केला. एक दिवस तरी मी देवाच्या बाजूची आहे, असं वाटायचं. हे मी कुणालाही सांगितलं नाही, संदेशलाही नाही.

दुसऱ्या महिन्यात थोडं थोडं रक्त अंगावरून जायला लागलं. तिसऱ्या महिन्यात ते थांबेचना. पंधरा दिवस झाले, वीस झाले. जिना चढताना धाप लागायची. एका मंगळवारी मशीनवरून उठले आणि पोटात कुणीतरी पिळून काढावं तशी कळ आली. मी तिथंच कापडाच्या ढिगावर बसले. संदेशनं रिक्षा बोलावली.

दवाखान्यात त्या दिवशी फार गर्दी होती. मी बाकावर आडवी झाले तेव्हा शेजारची म्हातारी सरकून म्हणाली, "झोप बाळ, झोप, माझा नंबर लांब हाय." रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. सलाईन लागलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. पुन्हा सोनोग्राफी केली. गाठ लहान व्हायच्या ऐवजी साडेपाच झाली होती.

मॅडम कॉटपाशी आल्या आणि म्हणाल्या, "गोळ्यांचं पाकीट बघू." संदेशनं पर्समधून काढून दिलं. त्यावर गोळीच्या वर वार छापलेले असतात. शुक्रवारच्या गोळ्या तशाच होत्या, एका रांगेत.

"शुक्रवारी काय असतं?" मॅडमनी विचारलं.

मी खोटं बोलणार होते. पण सलाईन लावून पडलेल्या माणसाला खोटं बोलायचीही ताकद नसते. मी सगळं सांगितलं. उपास सांगितला, पत्रक सांगितलं, आनंदचं सांगितलं. संदेश माझ्याकडे बघतच राहिला. मॅडम लिंगायत, गडहिंग्लजकडच्या. मला वाटलं, आता या हसणार किंवा चिडणार. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

"हे बघा. गोळीचं पहिलं काम बीज सुटू न देणं. बीजच नाही तर गर्भ कशाचा धरणार? दुसरं काम, गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट पाणी घट्ट होतं, पुरुषाचं बीज आत जात नाही. तिसरं, आतलं अस्तर पातळ होतं. तुमचं पत्रक या तिसऱ्यावरच अडून बसलंय. धरलेला गर्भ या गोळीमुळे रुजत नाही, असा ठाम पुरावा मी तरी वाचलेला नाही. पण कधीच होत नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तुम्ही विचारताय म्हणून खरं सांगते."

मी रडत होते. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"आता तुमचा शुक्रवार. गोळ्या पुन्हा पुन्हा चुकवल्या की बीज सुटायची शक्यता वाढते. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला भीती, तिलाच तुम्ही दर आठवड्याला दार उघडून देत होता. आणि रक्तही त्यामुळेच जात होतं."

 देवाच्या बाजूचा म्हणून जो दिवस मी राखला होता, तोच सगळ्यात वाईट निघाला. असा मूर्खपणा मी दुसऱ्या कुणाचा ऐकला असता तर तिला चार शब्द सुनावले असते.

मॅडमनी अजून एक सोपी गोष्ट सांगितली, जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. "तुमच्यासाठी ही गोळी औषध आहे. मनात शंकाच नको असेल तर तेवढे महिने नवरा-बायकोंनी निरोध वापरा. गर्भ धरायचा प्रश्नच येणार नाही. आणि तरीही मन तयार नसेल तर नाही म्हणा, मी दुसरा मार्ग शोधते. पण अर्धवट घेऊ नका."

संदेश खाली मान घालून म्हणाला, "वापरतो की." मला रडतानाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी पाळकीणबाई भेटायला आल्या. म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या, चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी, माहेर कोडोलीचं, पूर्वी नर्स होत्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, "आपल्यातच या बाबतीत दोन मतं आहेत, विजू. कॅथलिक लोक मुळात गर्भनिरोधनच मानत नाहीत. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीत ते नवरा-बायकोंच्या विवेकावर सोडलंय. तुझा विवेक तुला टोचतो हे चांगलंच आहे. पण तू विचारायच्या ऐवजी लपवलंस, तिथं चुकलीस." मग त्यांनी प्रार्थना केली. त्यात त्यांनी आनंदचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत आमच्या घराबाहेरच्या कुणीच ते नाव घेतलं नव्हतं.

घरी येऊन मी आणि संदेश बसून बोललो. जीव पहिल्या क्षणापासून जीव, हे माझं मत बदललेलं नाही आणि बदलायचं मला कुणी सांगितलंही नाही. पण ज्या शरीरात पुढचं बाळ यायचं, ते शरीर राखणं हेपण जिवाचंच काम आहे, एवढं मला दिसलं. मी गोळी पुन्हा सुरू केली. रोज. शुक्रवारी चार वाजता सभा संपली की पहिल्या घोटभर पाण्याबरोबर.

पहिले दोन आठवडे मळमळलं, डोकं जड झालं, घरात सगळ्यांवर ओरडले. मग अंगावरून जाणं थांबलं. एके दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत शिवत होते आणि एकदम ध्यानात आलं की आज कळ आलेलीच नाही. मी मशीन थांबवून देवाचे आभार मानले आणि मॅडमचेही मानले. सहा महिन्यांनी गाठ तीन सेंटिमीटर. मॅडम म्हणाल्या, "आता गोळी थांबवून बाळासाठी प्रयत्न करून बघा. होईलच असं नाही, पण दार बंद नाही." तेवढं आम्हाला पुष्कळ आहे.

एक काम मात्र उरलं होतं. मी पाळकसाहेबांना सांगून रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला उभी राहिले.  गोळीचं नाव घेतलं, आजाराचं नाव घेतलं, शुक्रवारचा सौदा सांगितला. मग म्हणाले, "याच जागेवर उभं राहून मी गोळ्या खाणाऱ्या बायकांना जीव मारणाऱ्या म्हणाले होते. मला पुरतं ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं बोलले. माझं चुकलं." या वेळी कुणी डोळे पुसले नाहीत. 

उपासना संपल्यावर नळापाशी एक मुलगी माझ्यामागं येऊन उभी राहिली. गेल्या वर्षी लग्न होऊन आमच्या मंडळीत आलेली, नाव सुवार्ता, मागच्या बाकावर बसायची. मला वाटलं, हिला आजाराचं काही विचारायचं असेल.

"ताई, मला पीसीओडी हाय," ती हळू म्हणाली. "पाळी यावी म्हणून डॉक्टरांनी हीच गोळी दिलीया. तुम्ही त्या दिवशी बोलला तवापास्नं मी प्रभुभोजन घेतलेलं न्हाय. ताट आलं की पुढं देत होतो."

प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या आठवणीत ताटातून बाकाबाकावर फिरणारी भाकर; आपण पापात आहोत असं वाटलं तर माणूस ती घेत नाही. माझ्या बोलण्यानं कुणीतरी इतके महिने प्रभूच्या मेजावरून उपाशी उठत होतं, आणि मी त्याच मेजावर बसून खात होते. मी नळ बंद करून तिच्याकडे वळले. 

"आता घेतलेलं चालंल का, ताई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "मला नको विचारू गं. माझं ऐकूनच एवढं झालं." मग तिला पाळकीणबाईंकडे घेऊन गेले आणि त्या दोघींना बोलू दिलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आपणहून माझ्या बाकावर येऊन बसली. ताट आलं. तिनं भाकर घेतली आणि ताट माझ्याकडे दिलं.