जर्मनीत उतू गेलेलं दूध

जर्मनीला जाऊन आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हल्ली मुलुंडमध्ये एका मजल्यावर चार दारं असली, तर त्यातल्या एका दारामागचं पोर तिकडे असतंच. पण ज्याने आजवर साधा पासपोर्टही काढलेला नाही आणि तरी जो गेल्या ऑक्टोबरात जर्मनीत राहत होता, असा माणूस माझ्या पाहण्यात एकच. तो माझा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडू हे नातं मोठं मजेचं आहे. तुम्ही ज्या घरात सापडलात त्याच घरात तुमच्या आधी सापडलेला हा माणूस, त्यामुळे दोघांत एकाच बराकीतल्या कैद्यांसारखा जिव्हाळा असतो. आम्ही जवळजवळ एका वयाचे, म्हणून एकमेकांना अरेतुरे करतो. मी मुलुंडला, तो नाहूरला. मध्ये एवढं थोडं अंतर, की त्याला काही सुचलं की ते तासाभरात माझ्या दारात हजर होतं.

त्याची एकुलती एक मुलगी तन्वी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या एका छोट्या गावी निघाली, तेव्हा त्याला जे सुचायला लागलं त्याला सुमार राहिला नाही. आधी मुद्दा आला थंडीचा. तन्वीसाठी त्याने एक जाडजूड जॅकेट आणलं होतं, पण दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवणं त्याच्या रक्तात नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तो नोकरी करतो, तिथेच जवळ एका ओळखीच्या माणसाचं आइस्क्रीमचं गोदाम आहे. एका दुपारी हा ते जॅकेट स्वतः चढवून त्या गोदामात जाऊन उभा राहिला. बाहेर सगळं मरोळ घामाने निथळत होतं आणि आत माझा साडू बटरस्कॉचच्या डब्यांच्या रांगेत, मुलीच्या मापाच्या जॅकेटात हात अडकून, जर्मनीचा हिवाळा काढत होता. बाहेर आला तेव्हा ओठ निळे. गोदामवाल्याने चहा पाजला. तिथूनच त्याने मला फोन केला आणि निकाल सांगितला, "जॅकेट पास रे. मी नापास."

मग बांधाबांध. इथे एक गोष्ट सांगायला हवी. साडूची कंपनी प्रयोगशाळेतली काचेची भांडी बनवते आणि हा तिथे पॅकिंग खात्यात आहे. ज्याने आयुष्यभर काच गुंडाळली, त्याला जगातली यच्चयावत वस्तू फुटणारी वाटते. लोणच्याची बरणी फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली, ते समजू शकतो. पण त्याने थालीपिठाची भाजणी गुंडाळली, टॉवेल गुंडाळला, उशी गुंडाळली. मी विचारलं, "अरे, उशीला काय होणार?" तर म्हणाला, "तुला प्रवासात धक्के किती बसतात ते माहीत नाही." बॅगा भरून झाल्यावर त्यांना कंपनीत खोक्यांना मारतात तशा पट्ट्या आवळून मारल्या आणि लाल मार्करने वरची बाजू दाखवणारे बाण काढले. तन्वी तिकडे खोलीवर पोचली, बॅगेसमोर बसली, आणि तिच्या लक्षात आलं की पट्ट्या कापायला कात्री लागणार, आणि कात्री बाबांनी नीट गुंडाळून त्याच बॅगेत तळाशी ठेवली आहे.

"शेजारच्या खोलीत माग ना," साडू फोनवर म्हणाला.

"बाबा, इथे असं कोणी मागत नाही."

"कात्री मागत नाहीत? मग कापतात कशाने?"

शेवटी तिने चावीने घासून घासून पट्टी तोडली, पण शेजारचं दार काही वाजवलं नाही. तेव्हा आम्ही सगळे यावर खूप हसलो. साडू तर दिवसभर लोकांना सांगत सुटला, "पट्टी बघा कशी मारली होती."

तन्वी त्या गावात पोचण्याआधीच हा तिथे राहून आला होता. संगणकावरच्या नकाशात रस्त्यांचे फोटो दिसतात ना, त्यात तो रोज संध्याकाळी तिकडे फिरायला जायचा. स्टेशन ते हॉस्टेल, हॉस्टेल ते कॉलेज. पहिल्या दिवशी तन्वी स्टेशनवर उतरली तेव्हा नाहूरच्या सोफ्यावरून हा तिला वाट दाखवत होता. "सरळ चाल. आता उजव्या हाताला बेकरी येईल, पिवळी छत्रीवाली."

"बाबा, इथे न्हावी आहे."

"न्हावी कसा असेल? बेकरी आहे."

"बाबा, आत माणसं केस कापून घेतायत."

साडूने नकाशा मागेपुढे सरकवून पाहिला. "मग विकली असेल. त्याच्या पुढून डावीकडे वळ." तन्वी बरोबर पोचली. पण त्या बेकरीचं याला खरंच वाईट वाटलं. दोन दिवस अधूनमधून म्हणायचा, "चांगली मोक्याची जागा होती रे. का चालली नसेल?"

एव्हाना त्याने दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधली होती. डाव्या हातावर नाहूर, उजव्यावर जर्मनी. मेहुणी म्हणायची, "अहो, आठ वाजले, जेवायला चला." हा उजवा हात वर करून विचारायचा, "कुठले आठ?" आणि ती सांगायची, "ज्या गॅसवर आमटी उकळतेय तिथले." भाजीवाल्याने सहज "काय साहेब, उकडतंय ना" म्हटलं, की हा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "आमच्याकडे आज नऊ डिग्री आहे." तो भाजीवाला अजून त्याला थोडा दबकून असतो.

आता तन्वीबद्दल सांगतो. ती या बोलक्या घरातली अबोल पोर. तिचा दोष नव्हता, तिच्या वाटचं बोलायला घरात माणूस नेमलेला होता. लहानपणी पाहुण्यांनी विचारलं, "कितवीत आहेस गं?" की उत्तर साडू द्यायचा. शाळेत बाईंनी तिला प्रश्न विचारला आणि हा योगायोगाने दारात असला, तर बाहेरून उत्तर यायचं. बसमध्ये तिकीट हा मागायचा, दुकानात रंग हा सांगायचा, आणि डॉक्टरला "कुठे दुखतंय?" हेही हाच सांगायचा, आणि कमाल म्हणजे बरोबर सांगायचा. बावीस वर्षं ज्या मुलीला स्वतःसाठी तोंड उघडावं लागलं नाही, ती आता अशा गावात होती जिथे तिच्या वाटचं बोलणारं कोणी नव्हतं. वर्गात गप्प, खोलीत गप्प. मजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं, तिथे कोणी नाही असं बघून ही जायची, नूडल्स करायची आणि वाडगं घेऊन खोलीत परत.

एका गुरुवारी तिने फोन केला. मी तिथेच होतो. म्हणाली, "बाबा, मला नाही जमत. परत येऊ का? अजून ॲडमिशन सोडता येते. सोमवारी ऑफिसात सांगावं लागेल."

मेहुणी म्हणाली, "ये गं, बिनधास्त ये." आणि पदर डोळ्यांना लावला. साडूला मी पंचवीस वर्षं ओळखतो, फोन हातात असून तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "तन्वी, तू खोलीत गेलीस तेव्हा दूध उतू घातलं होतंस का?"

"काय?"

"दूध गं. नव्या घरात आधी दूध उतू घालतात. आपण नाहूरला राहायला आलो तेव्हा आईने घातलं नव्हतं? खोली घेतलीस, किल्ली घेतलीस, बॅग उघडलीस आणि दूध राहिलं. मग घर कसं लाभेल? रविवारी दूध उतू घालू. मग सोमवारी तू म्हणशील तसं."

फोन ठेवल्यावर मी त्याला गॅलरीत गाठलं. म्हटलं, "अरे, पोर रडतेय आणि तू दुधाच्या गोष्टी काय सांगतोस?" तो खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "मग काय सांगू? तिथलं मला काही माहीत नाही रे. फोटो बघितलेत फक्त. मला येतं ते एवढंच."

पण रविवारपर्यंत हा माणूस पुन्हा पुरता उजळला होता. आम्ही पेढे घेऊन नाहूरला पोचलो तेव्हा स्वारी इस्त्रीच्या झब्ब्यात. फोन टीव्हीला जोडलेला. पडद्यावर जर्मनीतलं ते स्वयंपाकघर, काचेचा गुळगुळीत काळा स्टोव्ह आणि हळदीकुंकू लावलेलं एक पातेलं. आमच्याकडे अडीच, तिथे सकाळचे अकरा, इमारतीतली बहुतेक पोरं अजून झोपेत. दूध पूर्वेला उतू गेलं पाहिजे, म्हणून आधी पूर्व शोधण्यात वेळ गेला. मग पातेल्याला तिकडे कल देण्यासाठी खाली चमचा सरकवला. मग दूध तापेना.

"गॅस मोठा कर."

"गॅस नाहीये बाबा, आकडे आहेत."

"मग मोठा आकडा कर."

तिने सगळ्यात मोठा आकडा केला. दूध फसफसत वर आलं, काठावर थबकलं आणि खाली आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. साडू आनंदात आला की सिंधुदुर्गात, गावच्या मालवणीत पोचतो. "येवंदे गो, येवंदे. हात आखडू नको."

"बाबा, बस ना आता? जळका वास येतोय."

"घाबरू नको, मी आसंय मां. चांगलं भरभरून जाऊंदे."

ते भरभरूनच गेलं. आपल्या शेगडीवर दूध उतू गेलं तर ज्योत विझते, फडकं फिरवलं की झालं. त्या लालभडक काचेवर मात्र दूध पडलं की जळायचं, पडलं की जळायचं. पडदा धुराने भरला, तन्वी दिसेनाशी झाली आणि टीव्हीतून एक कर्कश आवाज सुरू झाला. साडूचे वडील गिरणीत होते. तो गोंधळून म्हणाला, "रविवारचा भोंगा कसा वाजतोय?"

तो आगीचा भोंगा होता, आणि एकट्या स्वयंपाकघराचा नव्हता, अख्ख्या इमारतीचा होता. तन्वीने आकडा शून्यावर आणला आणि फोन हातात धरूनच पळाली. पुढे आम्हाला जर्मनी जशी दिसली तशी कोणा प्रवाशाला दिसली नसेल: छत, जिना, कोणाची तरी पाठ, पुन्हा जिना, आणि एकदम आभाळ. सोफ्यावर चढून साडू टीव्हीला विचारत होता, "पातेलं घेतलंस का बरोबर?"

खाली अंगणात सगळं हॉस्टेल जमलं होतं. कोणी पांघरूण गुंडाळून, कोणी केसांना फेस लागलेला. बंब आला. त्यातून एक आडदांड जवान उतरला, वर जाऊन आला आणि ते हळदीकुंकवाचं पातेलं हातात घेऊन विचारू लागला, हे कोणाचं. साडूने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा उत्तर देणार. इतकी वर्षं दिलं तसं. पण त्याला जर्मन येत नव्हतं आणि इंग्रजी त्या क्षणी सापडेना.

आणि तन्वी बोलली. आधी अडखळत जर्मनमध्ये, मग इंग्रजीत, मग दोन्ही मिसळून. की हे माझं आहे. की दूध चुकून गेलं नाही, मुद्दाम घातलं. की आमच्याकडे नव्या घरात असं करतात, भरून सांडेल एवढं घरात असावं, येईल त्याला पुरावं. की माझ्या बाबांनी सांगितलं, हे बघा बाबा. असं म्हणून तिने फोन त्याच्यासमोर धरला. टीव्हीवर भलं मोठं हेल्मेट आलं. झब्ब्यातल्या साडूने सोफ्यावर उभ्या उभ्या हात जोडले, म्हणून आम्हीही जोडले. जवानाने आम्हा सगळ्यांकडे बघून घेतलं आणि मान जराशी लववली. अंगणात हशा पिकला.

मग ती आम्हाला विसरली. फोन हातात तसाच लोंबत राहिला आणि आम्हाला नुसते पाय दिसायला लागले. आधी तिच्या सपाता. समोर एक मोजे घातलेली जोडी आली. मग रबरी बूट, मग एक अनवाणी. वरून आवाज येत होते. कोणी विचारत होतं, पूर्वेलाच का? कोणी सांगत होतं, माझी आजी मिठाचं काहीतरी करते. आणि मध्ये तन्वीचा आवाज, न थांबता. मेहुणीने "काय म्हणतेय?" विचारलं, तर साडूने तिच्याकडे न बघता हाताने गप्प केलं. "श्श. बोलतेय ती." आम्ही सगळी शहाणीसुरती माणसं पेढे हातात धरून टीव्हीवर परक्या पोरांच्या चपला बघत बसलो, आणि चपला वाढतच होत्या.

स्टोव्हची काच नंतर समोरच्या खोलीतल्या नीनो नावाच्या जॉर्जियाच्या मुलीने पात्याने खरवडून दिली. पातेल्यात उरलेल्या दुधाचा तन्वीने सगळ्यांना चहा केला. स्वयंपाकघरात एक पाटी लागली, दूध तापवताना शेजारी उभं राहावं अशी. साडूला ती उभी राहण्याची अट एकदम पटली. आणि सोमवारी तन्वी ऑफिसात गेलीच नाही. तिला कोणी तरी कुठे तरी तळं बघायला नेलं होतं.

परवा मी नाहूरला गेलो होतो. साडू फोनवर तिला काकडीच्या कोशिंबिरीत कूट कधी घालायचं ते सांगत होता, बरंच सविस्तर. तेवढ्यात तिकडे दार वाजल्याचा आवाज आला. टकटक, मग पुन्हा टकटक, आणि कोणी तरी वेड्यावाकड्या उच्चारात तिच्या नावाने हाक मारली. तन्वी म्हणाली, "बाबा, एक मिनिट हं."

"एक मिनिट कसलं? जा, दार उघड. माणसाला बाहेर उभं ठेवू नको," असं म्हणून त्याने आपणहून फोन बंद केला. मला म्हणाला, "हे असं हल्ली सारखं चालू असतं. कामात असते पोर." चेहऱ्यावर केवढा थाट. मी हो हो म्हटलं. मेहुणीने चहा आणला. साडू कप हातात धरून बंद फोनकडे बघत राहिला, आणि मग त्याने मला हळूच विचारलं, "कोण असेल रे?"