फुकटचे सात मेगाहर्ट्झ

औरंगाबादच्या एका कॉम्प्युटर विकणाऱ्यानं मला फसवलं. विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. किमतीत नाही फसवलं. किमतीत मला कोणी फसवत नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत करतच मी परभणीत टायपिंगचं दुकान टाकलं होतं.

कॉम्प्युटर घेतला तो बायकोसाठी. तिचे वडील पालमला मास्तर होते. त्यांनी उभ्या नोकरीत एक वही लिहिली होती. आसपासच्या गावांतल्या विहिरी, त्या कुणी खोदल्या, पाणी गोड की मचूळ, कधी आटल्या. काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती. ती जायच्या आत ही वही छापलेली त्यांना स्वतः वाचायची होती.

दुकानदार किमतीवरून हलेना, तेव्हा मी म्हणालो, मग वरून काहीतरी घाला. म्हशीबरोबर दावं मागतात तसं. तो हसला. डबा उघडून त्यानं आतली एक चिमुकली टोपी एका खिळ्यावरून काढली आणि शेजारच्यावर बसवली.

"घ्या शेठ. तेहतीसची बस चाळीसवर केली. सात मेगाहर्ट्झ फुकट."

बस म्हणजे मशीनच्या आतला ठेका. प्रोसेसर, कार्डं, सगळे त्यावर चालतात. मला त्यातलं फुकट तेवढं नीट कळलं.

मशीन पळायचं खरं. बायको म्हणायची, "अहो, माझीच बोटं मागं राहायलीत." मी गिऱ्हाईक सोडून तिची बोटं बघत बसायचो. साठ पानं झाली आणि एका सकाळी फाईल उघडेना. उघडली तेव्हा निम्म्या विहिरींच्या जागी नुसत्या खुणा. मी तिच्यावरच ओरडलो, काय दाबलंस म्हणून. तिनं वही पुन्हा पहिल्या पानावर उघडली आणि मांडीवर घेतली.

एसटीडी बूथवरून दुकानदाराला झापलं, तर तो म्हणाला, बाईंकडूनच पुसलं गेलं असेल.

मग ओळखीचे एक कॉलेजातले सर आले. त्यांनी डबा उघडला. प्रोसेसरनं चाळीस सोसलं होतं, डिस्कच्या कार्डाला ते सोसलं नव्हतं. ते चुकीची अक्षरं लिहीत गेलं होतं. कार्डांच्या खाचांजवळ दुसरी टोपी होती. तेहतीसच्या वर गेलं की ती बदलायची, म्हणजे कार्डांना एक ठोका थांबायला मिळतो. त्या टोपीला कुणी हात लावला नव्हता. वेग वाढवायचाच असेल तर आधी सगळं फ्लॉपीवर काढून ठेवा, सर म्हणाले, एका वेळी एकच गोष्ट बदला, मोठी फाईल डिस्कवर लिहून परत वाचून ताडून बघा, आणि मगच पुढं जा. मी बायकोकडं पाहिलं.

"मला पळणारं नको," ती म्हणाली. "ठेवलं तिथं सापडणारं पाहिजे."

तेहतीसवर आणलं. माफी मागणं मला कधी जमलं नाही. त्या दिवसापासून ती टाइप करताना वही मी धरायचो आणि एकेक विहीर वाचून दाखवायचो, म्हणजे तिला मान वळवावी लागू नये.

दोन महिने जादा गेले. छापलेली पानं घेऊन आम्ही पालमला गेलो. सासऱ्यांनी पान डोळ्यांपाशी धरलं, लांब धरलं, खिडकीत नेलं.

"जावईबापू, शाई फिकी हाय का?"

शाई काळीभोर होती.

"हां," मी म्हणालो, "फिकीच आलीय. पुन्हा काढून आणतो."

बायकोनं त्यांच्या हातातून पान घेतलं आणि वाचायला लागली. ते ऐकत राहिले. मध्येच एका विहिरीचं पाणी मचूळ नाही, गोडच, अशी दुरुस्ती सांगितली. ती तिनं लिहून घेतली.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना अक्षर दिसत होतं. दुकानदारा, दुसरी टोपी तुला ठाऊक होती की नव्हती? ठाऊक होती तर बदलली का नाहीस? नव्हती तर पहिलीला हात का घातलास? मला सांगू नकोस. माझ्या बायकोसमोर उभा राहून तिला सांग.