किलोमीटरमागं घमेलंभर मुरूम

भूमच्या आमच्या गल्लीतल्या खड्ड्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, तर धाकट्या दिराचं उत्तर आलं, "वहिनी, तुमची गाडी विजेची. कर माफ, पेट्रोलमागं रस्त्यासाठी घेतात तो पैसाही माफ. फुकट्यांनी खड्ड्यावर बोलू नये." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोहाऱ्याजवळच्या मावशीचं बोलावणं होतंच. म्हटलं, एसटीनं कशाला, याच गाडीनं जाते आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यावर बोलते.

तुम्ही विजेची गाडी घेऊन या बाजूला येणार असाल तर ऐका. धाराशिवात चहा आणि चार्जिंग एकदमच उरका, पुढं लोहाऱ्याकडं वळल्यावर चार्जर मिळेलच याचा भरवसा नाही. तुळजापूरपर्यंत रस्ता झकास. नळदुर्गात जेवले: ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि घाम फोडणारं पिठलं, दीडशे रुपयांत पोट टम्म. टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला, तो तसाच्या तसा दिराला पाठवला. त्यानं नुसता अंगठा दाखवला, मेल्यानं!

हायवे सोडला आणि हाडं खिळखिळी झाली. मावशीच्या वस्तीच्या अलीकडं एक ओढा लागतो. खाली सिमेंटचे जुने पाइप शाबूत, पण वरचा भराव वाहून गेलेला. गाडीचं पोट असं खरवडलं की मी उतरून खाली वाकून बघितलं.

पलीकडं मावशीची सून, सुनंदावहिनी, तिच्या बॅटरीच्या रिक्षाजवळ उभी होती. वस्तीवरच्या बायकांना लोहाऱ्याच्या बाजाराला आणि दवाखान्यात नेते ती. रात्री भाकऱ्या थापताना तिनं सगळं सांगितलं. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी थेट बॅटरीला लागतं, म्हणून गेल्या वर्षी चार महिने रिक्षा दारातच उभी होती. यंदा ओढ्यावर मुरमाचा भराव पडला नाही तर रिक्षा विकायची, असं घरात ठरलं होतं. "वन्सं, रिक्षा गेली की मी पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला," एवढं म्हणून तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

या गावाची रीत मला तेव्हा कळली. उसाचा हंगाम संपला की गाडीवाले आपल्या रस्त्यावर मुरूम टाकतात. ज्यानं जास्त डिझेल जाळलं त्याच्या मुरमाच्या जास्त खेपा, आणि ज्याच्या खेपा त्यालाच मुरूम कुठं पडावा हे सांगायचा हक्क. वहिनीची रिक्षा डिझेल पीत नाही, म्हणून तिला मुरूम माफ आणि बोलणंही माफ. ऐकून मला दिराचाच आवाज ऐकू आला.

सकाळी पारावर बैठक होती. वहिनी गेली, मागोमाग मी. खेपा वाटून देणारे तात्या म्हणजे मावशीचे चुलतदीर. त्यांच्यासमोर घरातली सून कधी तोंड उघडत नाही. तात्या शांतपणे म्हणाले, "पोरी, तुला माफ हाय. घरला जा."

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण पाय हलवला नाही. "माफी नको, तात्या. माझ्या रिक्षाचं मीटर बघा. जेवढं पळाले तेवढा मुरूम देते, आन् मग ओढ्यावर बोलते."

कुणीतरी हसलं, की रिक्षेच्या वजनानं काय रस्ता झिजतोय! ती म्हणाली, हलक्या गाडीला हलका दर लावा, पण लावा. मग ट्रॅक्टरवाल्यांची चुळबूळ सुरू झाली, कारण मीटरचं निघालं तर निम्म्यांची मीटरं बंद. मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझ्याही गाडीचं मीटर बघा, तुमच्या रस्त्यावरून आलेय आणि जाणार आहे. तात्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि निकाल दिला की पाव्हणीनं किलोमीटरमागं एक घमेलं टाकावं, आणि सुनंदाचा मुरूम सुनंदा म्हणेल तिथं पडावा.

तिचा वाटा होता दोन ट्रॉल्या. ओढ्याला तेवढा पुरणार नव्हता, हे तात्यांना पक्कं ठाऊक असणार. पण दुपारी तिच्या रिक्षेत बसणाऱ्या बायका मुरमानं भरलेली घमेली घेऊन आल्या. आमीबी ह्याच रस्त्यावर पळालोय, म्हणाल्या. भर उन्हात आम्ही मुरूम ओतला, चोपला, एकमेकींच्या सासरच्यांचा यथेच्छ उद्धार केला. माझ्या तळहातांना फोड आले. इतकं सुखाचं दुखणं मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

तात्या तिकडं फिरकले नाहीत. संध्याकाळी त्यांचा ट्रॅक्टर मात्र रानातून जाणारा लांबचा वळसा टाळून आमच्या भरावावरून जायला निघाला. वहिनी मधोमध जाऊन उभी राहिली. "तात्या, आधी मीटर चालू करून आणा," ती म्हणाली. तात्यांनी ट्रॅक्टर मागं घेतला.

घरी येऊन आठवडा झाला. किलोमीटरवर पैसे घेण्याची चर्चा निघाली की विजेच्या गाडीवाले कुरकुर करतात, मीही करायचे. आता म्हणते, लावा कर. माझ्या गाडीच्या वजनाला शोभेल तेवढा लावा, आणि कुठं खर्च केलात ते मला दाखवा.

काल वहिनीचा फोन आला. रिक्षा विकायची नाही, असं ठरलंय. लगेच मी आमच्या गल्लीतला तोच खड्डा पुन्हा ग्रुपवर टाकला, शेजारी माझ्या गाडीच्या मीटरचा फोटो, आणि खाली लिहिलं, "भाऊजी, मी मोजून द्यायला तयार आहे. आता बोलू?"