बपेऱ्याची राणी पॅरिसला निघाली तेव्हा

लक्ष्मणभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात, मुलाच्या घरी, जेवायला बसत होतो. पलीकडून त्यांचा पुतण्या एवढंच म्हणाला, “काका, भाऊ गेले. झोपेतच.” मी ताट तसंच बाजूला सारलं. महिना होत आला आता. तेरवी झाली, पाहुणे परतले, आणि आता कुठे त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असं वाटतं आहे.

लक्ष्मणभाऊ आमच्या बपेरा गावचे. धानाची शेती होती, पण जीव सगळा दंडारीत. आमच्या झाडीपट्टीत गाणी, नाच आणि सोंगं घेऊन रात्रभर चालणारा हा खेळ, आणि भाऊ त्या संचाचे मुख्य. मी ढोलकी वाजवायचो. राणीचं काम करायचा नामदेव. लुगडं नेसून तो विलाप म्हणायला उभा राहिला की पुढे बसलेल्या बायका डोळ्यांना पदर लावत. ऐंशीच्या दशकात एकदा दिल्लीचे कोणी साहेब मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, आमचा खेळ पाहून गेले, आणि काही महिन्यांनी निरोप आला, की पॅरिसला लोककलांचा मेळा आहे, तुमचा संच बोलावला आहे. आम्ही तर नागपूरच्या पलीकडे गेलेलो नव्हतो...

मग तयारी सुरू झाली. भाऊंच्या पडवीत रोज बैठक. कोणी म्हणे तिथे भात मिळत नाही, म्हणून प्रत्येकाच्या घरी पोहे कांडले गेले. नऊवारीखाली पायमोजे घातले तर नाचता येतं का, हेही अंगणात नाचून पाहिलं. प्रवास नेमका आषाढात, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत. तेव्हा गाव एक झालं. ज्यांच्याशी बांधावरून भांडणं होती त्यांनीसुद्धा सांगितलं, “तुमी जा. तुमचा रोवणा आमी करून टाकतो.”

आणि सगळं जमत आलं असताना नामदेव एके दिवशी पडवीत येऊन खाली मान घालून बसला. त्याच्या मुलीचं लग्न तुमसरला ठरलं होतं. व्याह्यांनी निरोप पाठवला होता, की मुलीचा बाप लुगडं नेसून परदेशात नाचणार, पेपरात फोटो येणार, तर हे लग्न होणार नाही.

“भाऊ, मी नाही येत,” नामदेव म्हणाला. “पोरीचं लगन मोडून मले पारीस कायले पाहाचं?”

दिल्लीकडून सुचवलं गेलं होतंच, की राणीसाठी एखादी शहरातली नर्तिका देऊ. ते पत्करलं असतं तर प्रश्न सुटत होता. पण भाऊ म्हणाले, “राणी घरी बसन, अन् आमी तिकडं काय दाखवून येऊ? तुयाशिवाय दंडार नाही जात. पर तुया पोरीचं लगनही मोडत नाही. दोन्ही होईन.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तुमसरला गेले. व्याह्यांशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “तुमी दंडार पाह्यली नाही. एकदा पाहा, मंग जे म्हनान ते मान्य.” व्याही म्हणाले, रात्री गावात थांबणार नाही. म्हणून रात्रीचा खेळ आम्ही दुपारी ठेवला. भर उन्हात, ना अंधाराचा आडोसा, ना बत्तीचा उजेड. नामदेवच्या गालावरचे दाढीचे खुंट दिसत होते.

राणी आली, आणि तिच्या मागोमाग तिची सखी. आमच्या खेळात सखी कधीच नव्हती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. गावाला ओळखायला क्षणभर वेळ लागला आणि मग सगळीकडे कुजबुज उठली. लक्ष्मणभाऊ होते ते. ज्यांच्या पिळदार मिशांवरून पंचक्रोशी त्यांना ओळखायची, त्यांनी त्या मिशा त्याच सकाळी उतरवल्या होत्या. भाऊंनी राणीचा हात धरला, आणि नामदेवनं परदेशी गेलेल्या धन्यासाठीचा विलाप सुरू केला. तसा तो त्याआधी कधी गायला नव्हता.

खेळ संपला तेव्हा व्याह्यांचे डोळे भरले होते. ते उठून भाऊंजवळ आले. “मिशी काहून काढली तुमी?”

“मिशी वापस येते,” भाऊ म्हणाले. “राणीले एकटी कशी उभी करू?”

व्याही नामदेवकडे वळले. “इवाई, तुमी जाऊन या. लगन आल्यावर करू.”

पॅरिसच्या एका बागेत आमचा मंच होता. पुढे हजारभर माणसं, एकालाही आमचा शब्द कळणारा नाही. विंगेत नामदेव पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होता. भाऊ त्याच्या कानाशी म्हणाले, “समोर तुये इवाई बसले हायेत, असं समज.” नामदेव हसला आणि मंचावर गेला. विलाप संपला आणि ती सगळी माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. एक म्हातारी मंचाजवळ येऊन नामदेवचा हात दोन्ही हातांत धरून राहिली, आणि भाऊ मागे सखीच्या वेशात उभे राहून पदरानं खरोखर डोळे पुसत होते.

लग्न दिवाळीनंतर झालं. मांडवात व्याह्यांनी नामदेवला आपल्या शेजारी बसवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, “आमचे इवाई पारीसले जाऊन आले.”

भाऊंची एक सवय गावात सगळ्यांना माहीत होती. कोणीही बाहेरगावी निघालं, परीक्षेला, नोकरीला की दवाखान्यात, की भाऊ त्याला एस.टी.पर्यंत पोचवायला जात आणि गाडी वळणाआड होईपर्यंत तिथेच उभे राहत. गेल्या आठवड्यात मी बपेऱ्यात होतो. नामदेवची धाकटी नात पुण्याला शिकायला निघाली होती. तिला घेऊन थांब्यावर पोचलो तर आमच्या आधीच नामदेव तिथे काठी टेकून उभा होता. ऊन चढलं, गाडी उशिरा आली, नात आत बसली. मी म्हटलं, “चाल, घरी जाऊ.” तो वळणाकडे पाहत राहिला.

“वळणाआड जाऊ दे गाडी,” तो म्हणाला. “भाऊचं काम हाय.”