आधी मोजू, मग बोलू

माझ्या थोरल्या भावाला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणतात. कुणाचं इंटरनेट रखडलं की त्याला बोलावणं येतं, आणि गेल्या गेल्या तो एकच वाक्य बोलतो, “आधी मोजू, मग बोलू.” गिऱ्हाईक इंटरनेटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतं, तोवर हा पठ्ठ्या भिंतीतून येणाऱ्या तारेवरचा वेग मोजतो, मग राउटरमधून बाहेर पडणारा मोजतो आणि दोष नेमका कुठे ते सांगतो.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. आई त्याच्याजवळ राहते, मी दूरच्या शहरात. रोज संध्याकाळी आम्ही मायलेकी व्हिडिओवर बोलायचो. एकदा आई म्हणाली, “तुझा आवाज तुटतोय गं.” मागून दादा म्हणाला, “आई, वय झालं. कान गेले तुझे.” झालं, एवढ्यावर निकाल लागला.

मीही त्याचं खरं मानलं आणि ओरडून बोलू लागले. आई नुसती मान हलवायची, “हो हो, बरं बरं” म्हणायची. अर्ध्या तासाच्या गप्पा दोन मिनिटांवर आल्या. तिचा चेहरा पडद्यावर मध्येच थिजतो, हे मला दिसत होतं. पण खरं सांगते, लवकर सुटका होते म्हणून मला बरंच वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

असं दीड वर्ष गेलं. मग दादाचंच घोडं अडलं. घरून एक मोठी फाइल पाठवायची होती, ती हलेना. तेव्हा कुठे साहेबांनी मोजलं. तारेवर वेग शंभर, राउटरमधून जेमतेम एक, तोही अडखळत. केबल बदलून पाहिली, फरक नाही. आत डोकावला, तर त्या एवढ्याशा डबीचा प्रोसेसर पुरता दमलेला. डेटाच्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याची नोंद लिहीत बसला होता. ती नोंद दादानेच चालू केली होती, दीड वर्षापूर्वी नवा राउटर बसवला त्या दिवशी, चाचणीपुरती. बंद करायची राहिली. आता केली, आणि वेग नव्वदवर गेला.

“अख्ख्या गावाचं मोजलं गं,” तो मला फोनवर म्हणाला, “आईचं तेवढं नाही मोजलं.”

त्याच संध्याकाळी कॉल लावला. चित्र लख्ख. मी न ओरडता, नेहमीच्या आवाजात विचारलं, “आई, आज काय केलंस दिवसभर?”

“हो हो, बरं बरं,” आई हसून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी दादा तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. पुढचं त्यानेच मला सांगितलं. एक कान गेलेला, दुसरा निम्मा. त्याने विचारलं, “डॉक्टर, दीड वर्षापूर्वी हिला नीट ऐकू येत असेल का हो?”

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. “तेव्हा मोजलं होतं का?”

दादाने वळून आईकडे पाहिलं. आईला वाटलं, तो आपल्यालाच काही विचारतोय. तिने त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, “हो हो, बरं बरं.”