डावखुऱ्या जावयाची रायफल

मैत्रिणींनो, अजून संताप जात नाहीये!

जावई निरंजनला रानडुकरांच्या शिकारीसाठी स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक रायफल हवी आहे. आज मीही त्याच्यासोबत इथे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या बंदुकांच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने बजेटात बसणारी एक जुनी दाखवली. डावखुऱ्या निरंजनने ती डाव्या खांद्याला लावली. माझे बाबा शिकारी, त्यामुळे मला लगेच दिसलं.

"अरे, रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर पडतं. तापलेलं तुझ्या डोळ्यांसमोरून उडेल!"

दुकानदार हसला. "होईल सवय, मेफ्राऊ." म्हणजे डचमध्ये 'बाईसाहेब'.

"आई, स्वस्त आहे हो," निरंजन पुटपुटला.

शाळेत सिस्टर माझ्या डाव्या हातावर पट्टी मारत हेच म्हणायच्या. झाली सवय, आजही उजव्यानेच लिहिते, पण अक्षर कधी माझं वाटलं नाही.

"ठेव ती खाली, निरंजन."

ठेवली त्याने. सांगा, सवय नेहमी आपणच का करायची?