सासूबाईंच्या नावाची पात

आम्ही जानेफळला राहत होतो तेव्हाची गोष्ट. ख्रिस्ती घरं चार-पाचच. पाळकसाहेब महिन्यातून एकदा मेहकरहून सायकलीवर येत. बाकीच्या रविवारी दुपारी बायका आमच्या ओसरीवर जमत आणि पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करत. माझी पाळी आली की मी चहा मांडायला आत जाई. माझ्या वाटची प्रार्थना सासूबाई करत; मी त्यांना आत्याबाई म्हणे. शेजारीण टोमणा मारायची, "यायच्या सुनेचा चहा बरोबर प्रार्थनेच्या टायमालेच उकळते."

माझी प्रार्थना कापसात होई. वेचायला गेले की एकेका माणसाच्या नावाने एकेक पात धरायची. पात म्हणजे आपल्या वाट्याची ओळ. पहिली सासूबाईंची, मग घरधन्याची, लेकरांची, आणि सगळ्यात शेवटी त्या शेजारणीची. बोंडं वेचत मनातल्या मनात देवाशी बोलायचं, शेतातल्याच बोलीत. पाळकसाहेबांसारखे जड शब्द मला येत नव्हते, म्हणून चारचौघींत तोंड उघडायची लाज वाटे.

त्या हिवाळ्यात सासूबाईंच्या गळ्याला गाठ आली. आवाज पार बसला. सोमवारी बुलढाण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाळी माझी आली. मी उठले, तर त्यांनी माझा पदर धरला. जेमतेम ऐकू येईल असं म्हणाल्या, "चहा राहू दे पोरी. मले भेव वाटते. आज माह्यासाठी तू कर."

मी बसले. डोळे मिटले तर समोर कापूस दिसला. मी त्यांची पात धरली.

"देवा, आत्याबाईले भेव वाटून राह्यलं. तू त्यायच्या संग जाय. डॉक्टरच्या हाताले हात लाव."

मग मी थांबेनाच. घरधन्याची पात झाली, लेकरांची झाली, शेजारणीच्या पातीला आले. तिचे दुखरे गुडघे, रुसून गेलेला तिचा लेक, सगळं देवाला सांगितलं. शेवटी आमेन म्हणायचं भानच राहिलं नाही. शेजारणीनेच ते म्हटलं, डोळे पुसत. मग मला म्हणाली, "तू बस. चहा मी मांडते."

सासूबाईंनी आता कुठे माझा पदर सोडला.

त्या बऱ्या होऊन आल्या. आवाज मात्र पहिल्यासारखा मोठा झाला नाही. पण रविवारी त्यांची पाळी आली की मलाच कोपराने ढोसत, आणि मी बोलू लागले की ऐटीत सगळ्यांकडे बघत.